मुक्या गिटारीची चौकशी

सावित्रीच्या नाकाबद्दल भाट्याच्या खाडीकाठी अजून बोलतात. कुणाच्या तव्यावर बांगडा पडला की तो आजचा की परवाचा, हे ती आपल्या पडवीत बसून सांगायची, मधे तीन घरं असली तरी. एकदा दूध पातळ लागलं, तर दूधवाल्याशी भांडत बसली नाही. सरळ त्याच्या गोठ्यात गेली आणि म्हशीलाच विचारलं. म्हशीनं मान खाली घातली. बघणारी माणसं अजून आहेत, विचारा हवं तर.

तर अशा बाईच्या घरात चोरी होत होती, आणि चोर काही सापडत नव्हता.

चोरी सोन्यानाण्याची नव्हती, खडपांची होती. समुद्राच्या तळाला खडकाचे उंचवटे असतात, त्यांच्या आडोशाला मासा उभा राहतो. सावित्रीच्या सासऱ्यानं आयुष्यभर समुद्र धुंडाळून अशी सात खडपं शोधली होती. त्यांना त्यानं घरच्या बायकांची नावं दिली होती, म्हणजे विसरायला नको. धाकटी काकी, थोरली आत्या, असं करत करत सातवं आणि सगळ्यात मोठं खडप हौसा. हौसा त्याची बायको. तिथं जाळं अडकलं की सुटता सुटायचं नाही, म्हणून. पण हौसावर सुरमई इतकी दाट, की म्हातारा म्हणे जाळं टाकायच्या आधी तिला म्हणायचा, जरा सरकून घे.

मरताना त्यानं सातही जागा रावजीच्या कानात सांगितल्या. रावजी सावित्रीचा नवरा, स्वतःच्या बोटीचा तांडेल. त्यानं त्या बायकोला सांगितल्या, कारण ती जेवण वाढून त्याच्याकडे नुसती बघत बसली. पुरुष किती वेळ टिकणार? बोट त्या सात खडपांवर चालायची आणि घर बोटीवर.

दसऱ्यापासून चार खडपं गेली होती.

प्रकार असा व्हायचा. रावजी एखाद्या खडपावरनं बोट भरून आणायचा. दुसऱ्या दिवशी उजाडताना पुन्हा तिथं जावं, तर विठू भाटकरची बोट आधीच नांगर टाकून उभी! मागं आणखी दोन-तीन. विठू लांबनंच हात करायचा, "काय रावजीभाऊ, आज उशीर?"

"आज थोरली आत्या पण गेली," रावजी जेवायला बसताना म्हणाला. "चार बोटी होत्या. मासा बिचारा घाबरून पळाला असंल."

"तू कुठं बोललास?"

"मी? गो, मी समुद्रात वायरलेसवर खोकलोसुद्धा नाय."

"पिऊन बोललास?"

"माळ घातली त्याला अकरा वर्षं झाली, सावित्री."

"मग झोपेत बोलतोस."

"झोपेत बोललो तर ऐकायला तूच असतेस की."

सावित्री मनातल्या मनात गावाची यादी काढायला लागली. बर्फवाला? तो बोट आल्यावर भेटतो, पण त्याला खडप ठाऊक कसं होणार? बोटीवरचे खलाशी? ती रावजीच्या सख्ख्या मावशीची पोरं, आणि त्यांना जीपीएसचं डबडं तो बघूच देत नाही, वर टॉवेल टाकून ठेवतो. दिरावर संशय घ्यायला तिला फार आवडलं असतं, पण तो दसऱ्याच्या आधीच मुंबईला गेला होता. दसऱ्यानंतर या घरात नवं काय आलं?

सुजय आला.

घराच्या बाजूची खोली तिनं दसऱ्याला त्याला भाड्यानं दिली होती. पोरगा मूळचा पोफळीचा, वीजघराच्या कॉलनीत वाढलेला. इथं एका कारखान्यात इलेक्ट्रिशियन. सकाळची पाळी करून तीनला परत यायचा. दारू नाही, सिगारेट नाही, मित्र नाहीत, फोनवर मोठ्यानं बोलणं नाही. एवढा चांगला माणूस बघितल्यावर कुणालाही संशय येईल, सावित्रीला तर आलाच आला.

दुसऱ्या दिवशी साडेतीनला ती वाळत घातलेले सोडे परतायच्या निमित्तानं त्याच्या खिडकीखाली गेली. आत डोकावली.

सुजय खाटेवर बसला होता. मांडीवर लाल चकचकीत गिटार. डोळे मिटलेले. डाव्या हाताची बोटं कोळ्यासारखी पळत होती, उजवा हात तारांवर चालला होता, पाय ताल धरत होता. आणि आवाज? काही नाही! मांजर दूध पितं त्याचाही याहून जास्त आवाज होतो. गिटारीतनं एक वायर निघून काळ्या खोक्यात शिरली होती, खोक्यातनं दुसरी निघून त्याच्या कानांवरच्या दोन वाट्यांत. मधेच तो थांबला, वहीत काहीतरी लिहिलं, पुन्हा डोळे मिटले.

सावित्रीच्या हातातले सोडे तसेच राहिले. वाजवणारा माणूस लोकांना ऐकवायला वाजवतो. हा वाजवत नव्हता. हा ऐकत होता! सहा तारा, वायर, कानात वाट्या आणि हातात वही. तिच्या बोटीवरच्या वायरलेसला एकच तार होती, तरी त्यावर गोव्यापर्यंतच्या बोटी ऐकू यायच्या. सहा तारांवर काय काय येत असेल!

शुक्रवारी तो कामावर गेल्यावर तिनं खोली झाडायला घेतली. खोली आरशासारखी स्वच्छ होती, तरी झाडली. वही उशीखाली मिळाली. उघडली, आणि ती तिथंच खाटेवर बसली.

पानभर सहा-सहा रेघा ओढलेल्या, आणि रेघांवर आकडे. सतरा, पाच, एक. सात, तीन, शून्य, पाच. शब्द एक नाही. तांडेलाची बायको ती, आकडे बघून तिला काय आठवणार? जीपीएस. प्रत्येक खडपाचे असेच आकडे असतात, आधी एक जोडी, मग दुसरी.

तिनं मोबाईलवर फोटो काढला. पहिल्या तीन फोटोंत तिचा अंगठाच आला, चौथा बरा निघाला.

"हे बघ," तिनं रावजीसमोर मोबाईल धरला. "सतरा, एक्कावन. त्र्याहत्तर, शून्य पाच. आपल्या घरात राहून, आपलंच पाणी पिऊन!"

रावजीनं चष्मा लावला, काढला, पुसून पुन्हा लावला. मग बोटीवर गेला, आकडे डबड्यात घातले आणि परत आला तो मिशीत हसतच.

"लागलं?"

"लागलं. आंजर्ल्याला."

"आंजर्ल्याच्या समुद्रात?"

"नाय गो. डोंगरावर. गणपतीच्या देवळाच्या आसपास, कड्यावर. सुरमई दर्शनाला गेली असंल."

दुसरी कुणी बाई असती तर इथं संशय मिटला असता. सावित्रीचा वाढला. "साधे आकडे लिहील कशाला? ही त्याची खूण असंल. उलटं वाचायचं असंल. एक रेघ सोडून एक."

"सावित्री, पोरगा गिटार वाजवतो."

"वाजवतो तर ऐकू का येत नाय?"

रावजी दुसरीकडेच बघत म्हणाला, "तीन खडपं राहिली. दोन बारकी. रविवारी हौसावर जातो."

सावित्रीनं बोटांवर हिशेब केला. हौसा गेली तर उरलेल्या दोघींवर बोट चालायची नाही. बोट विकून रावजी कुणाच्या तरी ट्रॉलरवर खलाशी म्हणून जाणार, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, दुसऱ्याच्या शिव्या खायला. रविवारच्या आत चोर धरायला हवा होता.

शनिवारी ती रत्नागिरीत विनोदच्या दुकानात गेली. विनोद तबले, पेट्या, टाळ विकायचा, आणि गणपतीच्या आधी चार महिने त्याला बोलायला वेळ नसायचा. आता होता.

"बिनआवाजाची गिटार असते का रे?" तिनं विचारलं.

"असते की काकी. इलेक्ट्रिक. वायर लावली नाय तर ती मुकीच." मग त्याचे डोळे चमकले. "पण ज्याच्याकडे इलेक्ट्रिक, त्याच्याकडे एक साधी पायजेच पायजे. ही बघा."

भिंतीवर एक पिवळी, पोटाची गिटार टांगलेली होती. सहा वर्षं टांगलेली होती. आत एक पाल राहायची, आणि विनोद शपथेवर सांगायचा की ती पाल आता सुरात चुकचुकते.

"दोन दोन कशाला?" सावित्रीनं डोळे बारीक केले. "एकीनं भागत नाय? मला तुजाच संशय येतो विनोद, तुला ही खपवायचीय."

"खपवायचीय, खोटं कशाला बोलू? पण तुमच्या बोटीला इंजिन हाय ना? मग वल्हं का ठेवता?"

"इंजिन बंद पडलं तर?"

"मग! लाईट गेली तर? देवळात, अंगणात, समुद्राकाठी वाजवायची झाली तर? साधीला प्लग लागत नाय, पोटातच आवाज असतो तिच्या. शिवाय बोटं हिच्यावरच तयार होतात. खरा वाजवणारा दोन्ही ठेवतो."

सावित्रीला हे एकदम पटलं, फक्त विनोदला वाटलं त्या कारणानं नाही. इंजिनवाला वल्हं ठेवतोच. ज्याच्या बोटीवर वल्हंच नाही, तो मासे धरायला निघालेला नसतो, त्याचा धंदा वेगळाच असतो.

"दे ती. वापरून बघते. पाल काढून दे."

पाल काही निघाली नाही. सावित्री पालीसकट गिटार घेऊन रिक्षात बसली.

संध्याकाळी तिनं ती सुजयसमोर ठेवली. "तुज्याकडे अशी का नाय?"

सुजय गडबडला. "मला लागत नाही काकी. मी हीच शिकलोय, इलेक्ट्रिक."

"वाजवून दाखव तुजी."

त्यानं वायर न लावता लाल गिटार छेडली. डास कानाशी गुणगुणावा तेवढा आवाज आला.

"हेडफोन लावून ऐका ना," तो वाट्या तिच्या डोक्याकडे नेत म्हणाला.

सावित्री दोन पावलं मागं सरली. "कानात काय घालशील ते मला काय ठाऊक? आणि स्पीकर का नाय लावत चारचौघांसारखा?"

सुजयनं मान खाली घातली. सावित्रीला म्हैस आठवली.

"बाबा वीजघरात रात्रपाळीला असायचे," तो म्हणाला. "दिवसा झोपायचे. कॉलनीतल्या भिंती पातळ. घरात वाटी पडली तरी आई तोंडावर बोट ठेवायची. मला गिटार शिकायची होती, तर आवाज न होणारी एवढीच चालली असती. सवय झाली. दुसऱ्या कुणासमोर अजून वाजवलीच नाही मी."

गोष्ट इतकी चांगली होती की सावित्रीला ती पाठ केलेली वाटली.

"उद्या रविवार. चार वाजता देवळात ही साधी वाजवायची. देवासमोर, माणसांसमोर. वाजवलीस तर तू गिटारवाला. नाय वाजवलीस तर खोली रिकामी कर."

"काकी, पण मी केलंय काय?"

"ते उद्या कळेल तुलापण आणि मलापण."

आता देवळाचं ऐका. रावजीनं बोट भरून आणली की सावित्री त्याच दुपारी चारला देवळात जायची. गाऱ्हाणं घालायला. हा तिच्या सासऱ्यानं घालून दिलेला रिवाज. गाऱ्हाणं मनातल्या मनात घालून चालत नाही, देवाला मोठ्यानं सांगावं लागतं, आणि अर्धवट सांगूनही चालत नाही. कोण, कुठं, किती, सगळा पत्ता द्यावा लागतो, नाहीतर बरकत चुकून दुसऱ्याच्या दारात जाते, असं म्हातारा म्हणायचा. सावित्री चारची वेळ धरायची, कारण तेव्हा वाडी झोपलेली असते. तरी ती आधी खांबामागं बघायची, दानपेटीमागं बघायची, नंदीला पण एक फेरी मारायची. मग आत्माराम गुरवाला उभं करायची. आत्माराम सत्तरीचा, कानानं अधू. त्याच्यासारखा विश्वासू माणूस गावात नव्हता, कारण त्याला काही ऐकूच यायचं नाही.

"बा देवा म्हाराजा," सावित्री हात जोडून खणखणीत सांगायची, "आज तुज्या लेकरानं दीपगृह पाठीला घेऊन, तेरा वाव खोल पाण्यात, थोरल्या आत्याच्या डाव्या अंगाला जाळं टाकलं, साठ सुरमई दिल्यास, अशीच नजर ठेव रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" आत्माराम तिचे ओठ मिटलेले बघून म्हणायचा.

दसऱ्यापासून मात्र तिला एक चांगला अनुभव येत होता. आत्मारामच्या मागोमाग, लांब कुठूनतरी, पाण्यावरनं आल्यासारखं आणखी एक "होय म्हाराजा" यायचं. कधीकधी चार-पाच आवाजांत. तिनं हे कुणाला सांगितलं नव्हतं. देव आपल्याला उत्तर देतो हे दुसऱ्याला कळलं तर तोही मागायला लागेल.

रविवारी रावजी हौसावरनं परतला. बोट काठापर्यंत पाण्यात बुडालेली. एक सुरमई तर इतकी लांब, की तिचं डोकं टोपलीत टाकलं तरी शेपूट धक्क्यावरच्या कुत्र्याला मारत होतं.

"आज देवळात आधी परीक्षा, मग हौसाचं गाऱ्हाणं," सावित्रीनं जाहीर केलं. रावजीला आंघोळ करून यायला लावलं.

चारला ती गिटार घेऊन पुढं, मागं सुजय फाशी जाणाऱ्यासारखा, त्याच्या मागं रावजी. धक्क्यावर विठू आणि त्याचे तिघे-चौघे जाळी विणत बसले होते. सावित्रीनं नजर टाकली. रविवारी दुपारी हे झोपायचं सोडून जाळी विणतात? हल्ली ज्या ज्या दिवशी ती देवळात जायची, त्या त्या दिवशी ही मंडळी इथंच बसलेली असायची. विठूनं देवळाकडे बघून हात जोडले. विठू, देवाला! तिनं ही गोष्ट मनात एका बाजूला ठेवली. आधी एक चोर, मग दुसरा.

देवळात आत्मारामनं चटई टाकली. सुजय देवासमोर बसला. त्याच्या पुढ्यातच आरतीचा माईक स्टँडवर उभा होता.

"माईक जवळ सरकवू काय?" आत्मारामनं विचारलं.

"नको," सावित्रीनं हातानं खूण केली. "पोटातला आवाज ऐकायचाय."

सुजयनं तारा पिळल्या. साधीच्या तारा जाड, इलेक्ट्रिकच्या पातळ. त्यानं बोट दाबलं तर तार दबेना, पहिलाच सूर फाटला. आतनं पाल चुकचुकली.

"बघ!" सावित्री रावजीच्या कानात म्हणाली. "येत नाय त्याला."

"गप गो. नवीन वल्हं हातात बसायला वेळ लागतो."

सुजयनं डोळे मिटले. पुन्हा सुरुवात केली, हळू, एक एक तार. सावित्रीनं पदराखालनं मोबाईल काढून तो फोटो उघडला आणि आकडे बघत राहिली. सतरा. पोराचं बोट दांडीवरच्या पार खालच्या पट्टीवर गेलं. पाच, ते वर आलं. एक, अगदी टोकाला. शून्य, तेव्हा तार मोकळीच वाजली. तिनं दुसऱ्यांदा बघितलं, तिसऱ्यांदा पट्ट्या मोजल्या. आकडे समुद्रातले नव्हते. रेघा सहा तारांच्या होत्या, आकडे त्याच्या बोटांचे.

तिचं तोंड कडू झालं. संशय खोटा निघाला की तिला नेहमी तसं व्हायचं, काहीतरी हातातनं काढून घेतल्यासारखं.

आणि तेवढ्यात तो सूर बाहेरनंही ऐकू आला. देवळाच्या मागनं, खाडीकडनं. जरा उशिरानं, जरा मोठा. सुजय थांबला, बाहेरचाही थांबला. त्यानं एक तार छेडली. खाडीवर एक तार वाजली. कुत्रा भुंकला.

दारात धापा टाकत विठू आला. त्याचे तिघे मागं.

"वैनी, हे काय? आज गाऱ्हाणं नाय? गाणं कसलं लावलंय?"

सावित्रीनं मोबाईल पदराखाली ठेवला.

"माजं गाऱ्हाणं," सावित्री एक एक शब्द तोलून म्हणाली, "तुला रे कसं ठाऊक?"

विठूनं मागं बघितलं. मागचे तिघे आपल्या पायांची बोटं मोजत होते.

सुजयनं गिटार बाजूला ठेवली. माईक उचलला, बटण खालीवर केलं, वायर धरत धरत कोपऱ्यातल्या मशीनपर्यंत गेला. "काकी, हा माईक बंद होतच नाही. स्विच मोडलाय, कुणीतरी वायर सरळ जोडून टाकलीय. इथं जे बोलाल ते सगळं वरच्या भोंग्यातनं बाहेर जातं."

"नवरात्रात मोडला," आत्माराम आनंदानं म्हणाला, त्याला एवढंच ऐकू आलं होतं. "मीच जोडला. भोंगा धक्क्याकडे केलाय, बोटवाल्यांना आरती मिळायला पायजे ना! मशीन सकाळी लावतो, रात्री बंद करतो."

सावित्रीच्या डोळ्यांसमोरनं धाकटी काकी गेली, थोरली आत्या गेली, बाकीच्या दोघी गेल्या. दीपगृह पाठीला, तेरा वाव, डाव्या अंगाला. सगळा पत्ता, साठ सुरमईसकट, तिच्याच खणखणीत आवाजात, ज्याच्यापुढं तिला स्वतःला भोंगा कधी ऐकूच आला नव्हता. आणि ते लांबनं येणारं "होय म्हाराजा".

"मेल्यांनो," ती म्हणाली, "वर होय म्हाराजा पण म्हणायचात?"

"देवाचं काम, वैनी," विठू पुटपुटला. "गाऱ्हाण्याला कुणीतरी होय म्हणायलाच पायजे."

रावजी भिंतीकडे तोंड करून उभा राहिला, आणि त्याचे खांदे हलायला लागले. रडतोय म्हणून आत्मारामनं पाणी आणलं. रडत नव्हता.

"हसतोस काय?" सावित्री घरी आल्यावर त्याच्या अंगावर धावली. "चार खडपं गेली!"

"हौसा राहिली की गो. ह्या पोरानं राखली. आधी परीक्षा घेतलीस म्हणून, नायतर आज हौसा भोंग्यावर गेली होती."

हे खरंच होतं. लाल गिटार नेली असती तर देवळात डास गुणगुणला असता आणि माईकला काही ऐकूच गेलं नसतं. सावित्रीनं भाकरी थापल्या. मग सुजयच्या खोलीत सुरमईच्या चार तुकड्या घेऊन गेली, बरोबरच्या वाटीत सोलकढी.

"साधी राहू दे तुज्याकडे," ती म्हणाली. "विनोदला मी बघते. माज्या घरात राहायचं तर दोन्ही पायजेत. मुकीवर तू शिक, बोलकीवर मला कळू दे."

"काकी, तो स्विच मी उद्या नीट करून टाकतो."

"परवा कर."

सुजयनं तिच्याकडे बघितलं. आता त्याच्या डोळ्यांत संशय होता. "उद्या का नको?"

"उद्या सोमवार. देवाचा वार. वार असताना खुडबूड नको."

सोमवारी चारला सावित्री देवळात उभी राहिली. खांबामागं बघितलं नाही, नंदीला फेरी मारली नाही. धक्क्यावर जाळी विणणाऱ्यांची गर्दी होती, पण आज त्यांची पाठ देवळाकडे होती, जसं काही ऐकायचंच नाही. तिनं माईकसमोर तोंड नेलं. देवाशी खोटं बोलायचं नव्हतं, तेव्हा ती अक्षर न् अक्षर खरं बोलली.

"बा देवा म्हाराजा, माज्या भाडेकरूच्या वहीत सतरा एक्कावन, त्र्याहत्तर शून्य पाच असं लिवलेलं हाय. माज्या डोळ्यांनी बघितलंय. तिथं जे काय असंल त्यात ह्या सगळ्या लेकरांची बरकत असू दे रे म्हाराजा!"

आत्माराम होय म्हणाला. खाडीवरनं काही आलं नाही. पण पहाटे पाच इंजिनं सुरू झालेली तिनं अंथरुणात मोजली, आणि पाचही उत्तरेला गेली.

आंजर्ला काही जवळ नाही. बोटी बुधवारी रात्री परत आल्या. गुरुवारी सकाळी विठू सावित्रीच्या पडवीत येऊन उभा राहिला. चेहरा उन्हानं भाजलेला, हातात कागदाची पुडी.

"आकडे कड्यावर दाखवत होते, वैनी. आमी म्हटलं कड्याखालचं पाणी असंल. दिवसभर जाळं टाकलं. एक खेकडा मिळाला, तो पण आमच्याकडं बघून हसला. मग म्हटलं एवढं आलोय, तर वर जाऊन पाया पडू." त्यानं पुडी पुढं केली. "प्रसाद."

"मिळाली ना बरकत?"

"मिळाली," विठू म्हणाला. जाताना पायरीवर थांबला. "हौसा कुठं ते नाय सांगणार ना?"

"कोण हौसा? माजी सासू? ती वर गेली, तिथं जाऊन विचार."

सावित्रीनं पुडी उघडली, आधी हुंगली, मगच खोबरं तोंडात टाकलं.

सुजयनं स्विच दुरुस्त केला. सावित्री आता गाऱ्हाणं घालायच्या आधी माईकची वायरच काढून कमरेला खोचते, आणि आत्मारामला आरतीच्या वेळेला ती मागायला तिच्या घरी यावं लागतं. रावजी हौसावर एकटाच जातो.

रोज साडेतीनला बाजूच्या खोलीत साधी गिटार वाजते, पालीसकट. सावित्री त्या आवाजात पडवीत आडवी होते आणि लगेच घोरायला लागते. पहिल्यांदा तर सुजयला वाटलं, आपण वाईट वाजवतो.

परवा मात्र आवाज मधेच थांबला. सावित्रीचे डोळे त्याच क्षणाला उघडले. ती उठली, सोड्यांचं सूप हातात घेतलं आणि खिडकीखाली गेली. आत सुजयनं कानाला वाट्या लावल्या होत्या. डोळे मिटलेले, बोटं पळताहेत, आवाज नाही. शेजारी वही उघडी, तिच्यात नवं पान, नव्या सहा रेघा.

सावित्रीनं मान लांब करून आकडे वाचले. मग पदराखालनं मोबाईल काढला, अंगठा नीट बाजूला घेतला, आणि फोटो काढला.